कुलूपबंद पेटी आणि उघडी पेटी : कन्सोल, पीसी आणि विज्ञानाच्या हाती आलेली चिप

१ एप्रिल २०१० रोजी सोनी कंपनीने आपल्या 'प्लेस्टेशन ३' या कन्सोलसाठी ३.२१ क्रमांकाची सॉफ्टवेअर-सुधारणा जगभर पाठवली. सुधारणा म्हणायचे, पण तिने यंत्राच्या अंगी असलेली एक सोयच काढून घेतली. तोवर या कन्सोलवर लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली बसवता येत असे. सोनीनेच तशी व्यवस्था ठेवली होती आणि तिला 'अदर ओएस' असे नाव दिले होते. सुधारणा स्वीकारली की ती व्यवस्था नाहीशी होई. नाकारली तर लिनक्स टिके, मात्र इंटरनेटवरून खेळणे बंद पडे. कारण सुरक्षिततेचे देण्यात आले. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा एक भाग विक्रेता साडेतीन वर्षांनी परत नेतो, असा हा प्रकार होता. त्यावर अमेरिकेत खटला झाला आणि तो अनेक वर्षे रेंगाळून अखेर तडजोडीने मिटला.

खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांना या सुधारणेचे काही वाटले नाही. अडचण झाली ती भौतिकशास्त्रज्ञांची आणि अमेरिकेच्या हवाई दलाची.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ येथील शाखेत गौरव खन्ना हे भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ कृष्णविवरांचा अभ्यास करीत होते. एखादी लहान वस्तू महाकाय कृष्णविवराभोवती घिरट्या घालत त्यात कोसळते तेव्हा कोणत्या गुरुत्वीय लहरी निघतील, हे गणिताने काढायचे तर महासंगणकाचे तासन्‌तास लागतात, आणि ते तास विकत घ्यावे लागतात. खन्ना यांनी २००७ मध्ये आठ प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडले, त्यांवर लिनक्स चढवले आणि आपले समीकरण त्यांच्याकडून सोडवून घेतले. पुढे हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावी सुमारे १७०० प्लेस्टेशन जोडून 'काँडॉर' नावाचा समूह उभारला. २०१० च्या डिसेंबरात तो जगापुढे आला तेव्हा त्यातील यंत्रे ज्या सोयीवर चालत होती, ती सोय बाजारातून आठ महिन्यांपूर्वीच गेलेली होती. असलेली यंत्रे चालू राहिली. बिघडलेल्याच्या जागी नवे बसवणे मात्र दुरापास्त झाले.

कन्सोल श्रेष्ठ की पीसी, हा वाद खेळणाऱ्यांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो बहुधा चित्राची स्पष्टता, सेकंदाला किती चित्रे दिसतात, कंट्रोलर सोयीचा की माउस, यांभोवती फिरतो. त्यात रस घेणाऱ्यांनी अवश्य घ्यावा. विज्ञानाच्या इतिहासाला मात्र या वादातला वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटला पाहिजे : या पेटीत कोणता प्रोग्रॅम चालेल, हे ठरवण्याचा हक्क कोणाचा? प्लेस्टेशनची हकीकत हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर पीसीने दिले, आणि आजची कृत्रिम बुद्धिमत्ता त्या उत्तरावर उभी आहे.

आरंभी असा काही भेद नव्हता. १९६२ मध्ये एमआयटीतील स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. हा संगणक सुमारे १,२०,००० डॉलरचा, तेव्हा खेळ विकण्याचा विचारही कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. ज्याच्याकडे यंत्र, त्याला प्रोग्रॅमची प्रत; ज्याला हवे त्याने त्यात भर घालावी. ताऱ्यांचे खरे आकाश आणि मध्यभागी ओढणारा सूर्य या गोष्टी अशाच इतरांनी घातल्या. पीसीवरील खेळांची सारी परंपरा या वंशातली.

कन्सोलचा वंश निराळा, तो दूरचित्रवाणी संचाच्या कारखान्यातून आला. राल्फ बेअर या अभियंत्याने १९६६ पासून घाटलेली कल्पना १९७२ मध्ये 'मॅग्नावॉक्स ऑडिसी' या नावाने बाजारात आली. त्यात प्रोसेसर नव्हताच. डायोड-ट्रान्झिस्टरांची जुळणी होती, आणि खेळ बदलायचा म्हणजे जोडण्या बदलणारे एक कार्ड खोवायचे. टेनिसचे मैदान दिसावे म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा पडदा चिकटवावा लागे! प्रोसेसर आला १९७६ मध्ये, फेअरचाइल्ड कंपनीच्या 'चॅनल एफ' या यंत्राबरोबर. जेरी लॉसन यांच्या चमूने त्यात खेळाची स्मृतिचिप प्लास्टिकच्या डबीत घालून ती हवी तेव्हा बदलता येईल अशी केली. आपल्याकडे पुढे याच डबीला सरसकट 'कॅसेट' म्हणत, फीत मुळीच नसताना.

या डबीने व्यवसायाचे गणित बदलले. यंत्र स्वस्तात द्यावे आणि पैसा डब्यांवर मिळवावा, ही रीत रूढ झाली. अटारीचे १९७७ चे यंत्र इतके काटकसरीचे होते की त्यात कामाची स्मृती अवघी १२८ बाइट होती. या परिच्छेदातील पहिली दोन वाक्येही तिच्यात मावली नसती. संपूर्ण चित्र साठवायला जागा नाही, म्हणून प्रोग्रॅमरने टीव्हीच्या इलेक्ट्रॉन-झोताच्या पुढे पुढे धावत प्रत्येक ओळ त्या त्या क्षणी रचायची. असे काम करणाऱ्या अटारीच्या काही प्रोग्रॅमरांना ना श्रेय मिळे ना नफ्यातला वाटा. १९७९ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही स्वतंत्र कंपनी काढून अटारीच्याच यंत्रासाठी खेळ विकायला सुरुवात केली. अटारीने खटला भरला, पण अखेर समेट झाला. यंत्राला दार होते, कुलूप नव्हते. मग कोणीही आत शिरू लागले. सुमार खेळांनी दुकाने भरली, गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील ही बाजारपेठ कोसळली. न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला. २०१४ मध्ये तेथे उत्खनन होऊन डब्या खरोखरच बाहेर निघाल्या.

निंटेंडोने या पडझडीतून धडा घेतला तो कुलपाचा. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या आपल्या यंत्रात आणि प्रत्येक अधिकृत डबीत तिने एकेक छोटी चिप बसवली. दोन्ही चिपा एकाच सूत्राने आकड्यांची एकच गुप्त माळ ओवत जात आणि परस्परांशी ताडून पाहत. माळ जुळली नाही की यंत्र पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. बाहेरच्या कंपनीला खेळ काढायचा तर निंटेंडोचा परवाना हवा, वर्षाला मोजकेच खेळ काढण्याची अट मान्य हवी, आणि डब्याही निंटेंडोकडूनच बनवून घ्यायला हव्यात. टेंजेन या कंपनीने कुलपाची नक्कल करण्यासाठी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून, खोटे कारण सांगून, चिपमधील प्रोग्रॅमची प्रत मिळवली. १९९२ च्या न्यायनिर्णयात ते तिच्या अंगाशी आले. कुलपाची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. खेळांचा दर्जा सावरला आणि प्रत्येक घरी तंतोतंत एकच यंत्र असल्यामुळे प्रोग्रॅमरांना त्याच्या क्षमतेचा शेवटचा थेंबही पिळून काढता आला.

आपल्या देशातील अनुभव गमतीचा. निंटेंडोच्या मूळ जपानी यंत्रात, १९८३ च्या 'फॅमिकॉम'मध्ये, हे कुलूप नव्हते. त्यामुळे त्याच्या नकला करणे सोपे होते. १९९० च्या दशकात भारतातल्या शहरांत जे 'टीव्ही व्हिडिओ गेम' घरोघरी आले, ज्यांवर एका पिढीने मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले, ते बव्हंशी या बिनकुलपाच्या यंत्राचेच भाऊबंद होते. एकाच कॅसेटमध्ये लाखभर खेळ असल्याची बतावणी आणि प्रत्यक्षात दहा-वीस खेळांचीच आलटून पालटून पुनरावृत्ती, हा अनुभव त्या पिढीला सांगावा लागणार नाही.

आता उघड्या पेटीकडे वळू. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पीसी काढला तो घाईत, बाजारात मिळणारे सुटे भाग जुळवून. कंपनीच्या स्वतःच्या मालकीचा म्हणावा असा महत्त्वाचा घटक म्हणजे बायोस हा मूळ प्रोग्रॅम. कॉम्पॅक कंपनीने तो न चोरता, केवळ त्याच्या वागणुकीचे वर्णन पाहून नव्याने लिहवून घेतला, आणि १९८३ पासून पीसीसारखा पीसी कोणीही बनवू लागला. त्यावर कोणता प्रोग्रॅम चालावा हे ठरवणारा कोणी उरला नाही. त्यात कोणते कार्ड खोचावे, हेही कोणी ठरवीत नव्हते.

खेळांसाठी मात्र हे यंत्र पार अडाणी होते. निंटेंडोच्या यंत्रातील चित्रचिप आठ बाय आठ चित्रबिंदूंच्या फरशा जोडून पार्श्वभूमी रचत असे आणि ती पार्श्वभूमी सरकवणे तिच्या हातचा मळ होता. पात्रे हलवण्याची सोयही तिच्यातच होती. पीसीत यापैकी काही नाही, फक्त चित्रबिंदूंचा एक तक्ता. सारे काही मुख्य प्रोसेसरने रंगवायचे. १९९० मध्ये जॉन कार्मॅक या तरुण प्रोग्रॅमरच्या लक्षात आले की संपूर्ण पडदा पुन्हा रंगवण्याची गरजच नाही; आधीच्या चित्राहून ज्या फरशा बदलल्या तेवढ्याच रंगवाव्यात आणि उरलेले काम चित्रकार्डाच्या किंचित सरकण्याच्या सोयीवर सोपवावे. या युक्तीने त्याने व सहकाऱ्यांनी 'सुपर मारिओ ३' चा नमुना पीसीवर चालवून निंटेंडोला दाखवला. आपले खेळ आपल्याच यंत्रावर, असे म्हणून निंटेंडोने तो नाकारला. त्याच युक्तीवर त्यांनी त्या वर्षाच्या डिसेंबरात स्वतःचा 'कमांडर कीन' काढला. परवाना कोणाचाच लागला नाही.

पुढच्या तीन वर्षांत अडाणीपणाच कामाला आला. त्रिमित दृश्य रंगवायचे असेल तर फरशांची यंत्रणा निरुपयोगी, चित्रबिंदूंचा साधा तक्ताच बरा. १० डिसेंबर १९९३ रोजी कार्मॅकच्या आयडी सॉफ्टवेअरने 'डूम' हा खेळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला. निंटेंडोच्या नव्या यंत्रावर तो १९९५ मध्ये आला खरा, पण डबीतच एक जादा प्रोसेसर घालून, आणि तरीही चित्र धूसरच. पीसीवर मात्र लोकांनी डूमचे नकाशे बदलले, राक्षस बदलले, आणि कंपनीने ते बदलू दिले. ही सवय पुढे टिकली. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत ज्याने रात्री जागवल्या तो 'काउंटर-स्ट्राइक' मुळात 'हाफ-लाइफ' या खेळात खेळाडूंनीच केलेला फेरफार होता.

त्रिमित खेळांची भूक मुख्य प्रोसेसरला भागवता येईना, तेव्हा पीसीच्या उघड्या खाचेत वेगळी कार्डे आली : १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचे 'व्हूडू', १९९९ मध्ये एनव्हिडियाचे 'जीफोर्स २५६'. या कार्डांचे काम समजून घेण्यासारखे आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार चित्रबिंदू असतात. सेकंदाला ६० चित्रे म्हटली तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख बिंदूंचे रंग ठरवायचे. प्रत्येकासाठी हिशेब जवळजवळ तोच, फक्त आकडे वेगळे, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यावर क्वचितच अवलंबून. म्हणून एक हुशार गणक ठेवण्यापेक्षा शेकडो साधे गणक एका तालावर कामाला लावणे शहाणपणाचे. सुरुवातीला या गणकांना ठरावीक कामेच येत. २००१ पासून त्यांना छोटे प्रोग्रॅम देता येऊ लागले, आणि लगेच काही संशोधकांनी चित्रकार्डाला फसवायला सुरुवात केली. आपले आकडे रंग असल्याचे भासवून कार्डाकडून ते भौतिकशास्त्राची गणिते करवून घेऊ लागले.

येथे दोन कंपन्यांचे मार्ग फुटतात. प्लेस्टेशन ३ मधील 'सेल' प्रोसेसर सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवला होता. एक मुख्य गाभा आणि भोवती आठ वेगवान सहायक गाभे. पैकी प्लेस्टेशनवर लिनक्सला सहा वापरता येत. प्रत्येक सहायकाजवळ २५६ किलोबाइटांची स्वतःची वही, आणि तीत काय केव्हा आणायचे हे प्रोग्रॅमरनेच सांगायचे. लिहायला जाच, पण वेग असामान्य. याच प्रोसेसरच्या सुधारित आवृत्तीच्या १२,९६० चिपांवर लॉस अलामॉस येथील 'रोडरनर' महासंगणकाने २००८ मध्ये सेकंदाला एक हजार लाख कोटी गणनांचा, म्हणजे पेटाफ्लॉपचा, टप्पा जगात प्रथम ओलांडला. म्हणजे खन्ना यांची निवड हौसेची नव्हती. चिप खरोखर त्या तोलाची होती, आणि ती खेळण्याच्या दुकानात मिळत होती.

पण ती स्वस्त का होती? आयसप्लाय या विश्लेषण संस्थेने २००६ मध्ये यंत्र उघडून सुट्या भागांची किंमत मोजली. ६० गिगाबाइटच्या प्रकाराला अंदाजे ८४० डॉलर खर्च येत होता आणि दुकानात तो ५९९ डॉलरला मिळत होता. प्रत्येक यंत्रामागे सोनीला शेकडो डॉलरची खोट. ती भरून निघायची खेळांच्या विक्रीतून. शास्त्रज्ञ यंत्र घेई आणि खेळ एकही घेत नसे. म्हणजे विज्ञानाला मिळालेली ही सवलत वस्तुतः लहान मुलांच्या खेळांवर दिलेली होती, आणि तिचा हिशेब जुळवण्यासाठी कुलूप अपरिहार्य होते. ज्या रीतीने यंत्र स्वस्त झाले, तीच रीत ते उघडे राहू देणार नव्हती. सोनीला खलनायक ठरवणारे हा भाग सहसा सांगत नाहीत.

एनव्हिडिया आपले कार्ड नफा घेऊनच विके. खरेदी करणारा त्यावर खेळ खेळतो की कृष्णविवर रंगवतो, याने तिचे काही बिघडत नव्हते. गिऱ्हाइके वाढली तर बरेच. म्हणून फसवेगिरी करणाऱ्या संशोधकांना अडवण्याऐवजी तिने २००६ मध्ये 'कुडा' ही व्यवस्था जाहीर केली, जिने चित्रकार्डाला सरळ सी भाषेच्या धाटणीत गणित सांगता येऊ लागले. सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, टोरंटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी सहा कोटी चलांकांचे एक मज्जाजाल बारा लाख छायाचित्रांवर शिकवले. त्यासाठी वापरली ती दोन जीटीएक्स ५८० कार्डे, खेळाडू घेतात तीच. शिक्षणाला पाच-सहा दिवस लागले. छायाचित्रे ओळखण्याच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत त्यांची चूक १५.३ टक्के, तर दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के. मज्जाजालांचे युग येथून सुरू झाले असे आज सारे मानतात.

त्यानंतरच्या वर्षी, २०१३ मध्ये, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले. दोहोंत एएमडीचा प्रोसेसर, पीसीतल्याच घराण्याचा. आतल्या यंत्रणेत कन्सोल आणि पीसी यांच्यात सांगण्याजोगा भेद फारसा उरला नाही. उरले ते कुलूप.

या साऱ्याचा आपल्या देशाशी संबंध फक्त कॅसेटपुरता नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तसा क्रे महासंगणक देण्यास नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्याची कल्पना खन्ना यांच्या आठ प्लेस्टेशनांची थोरली बहीण शोभेल अशीच : एक दुर्मीळ, अतिवेगवान प्रोसेसर मिळत नसेल तर बाजारात मिळणारे अनेक लहान प्रोसेसर, त्या वेळी ट्रान्सप्युटर, समांतर जोडावेत. सी-डॅकच्याच 'परम सिद्धी-एआय'ने नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पहिल्या पाचशेंत ६३ वे स्थान मिळवले, आणि त्यातील बळ एनव्हिडियाच्या चिपांचे होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडिया-एआय मोहिमेला मंजुरी दिली. तिचा मोठा भाग या चिपा संशोधकांना आणि नवउद्योगांना परवडणाऱ्या दराने उपलब्ध करण्यासाठी आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने अशा चिपांच्या निर्यातीवर देशवार मर्यादा घालणारा नियम काढला. भारत पहिल्या, निर्धोक गटात नव्हता. मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला.

दरम्यान उघड्या पेटीलाही कड्या बसू लागल्या आहेत. २०१७ च्या अखेरीस एनव्हिडियाने जीफोर्स कार्डांच्या ड्रायव्हर-सॉफ्टवेअरच्या परवान्यात अट घातली की ते डेटा सेंटरमध्ये वापरू नये. ब्लॉकचेनच्या कामाला तेवढी सूट. डेटा सेंटरने त्याच कामासाठी कितीतरी महाग असलेली वेगळी जात घ्यावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका नव्या कार्डावर आभासी चलन काढण्याचा वेग सॉफ्टवेअरने निम्मा करण्यात आला. (पुढच्याच महिन्यात कंपनीने स्वतःच चुकून ती मर्यादा नसलेले ड्रायव्हर प्रसिद्ध केले!) नफा घेऊन विकलेल्या कार्डालाही कुलूप लागते ते अशा वेळी, जेव्हा तेच बळ दुसऱ्या गिऱ्हाइकाला दसपट दराने विकता येते.

इंडिया-एआय मोहिमेतून १८,६९३ चिपा मिळणार असल्याचे सरकारने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले, त्यांपैकी बहुसंख्य एनव्हिडियाच्या एच१०० जातीच्या. चित्रकार्डांच्या वंशातली ही चिप, पण चित्र रंगवण्याची क्षमता तिच्या अगदी थोड्या भागात शिल्लक ठेवली आहे, आणि पडदा जोडण्यासाठी लागणारी खाच तिच्या कार्डाला नाही.